शालेय ग्रंथालयातील निवड आणि कुमार-वाचक : पेण-रोहा परिसराच्या निमित्ताने

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास प्रायः लेखकांचा, नियतकालिकांचा आणि वाङ्मयप्रकारांचा इतिहास म्हणून मांडला गेला आहे. मालतीबाई दांडेकरांच्या 'बालसाहित्याची रूपरेषा' (१९६४) या ग्रंथापासून अलीकडच्या प्रबंधांपर्यंत हीच चौकट थोड्याफार फरकाने टिकून आहे. छत्रे, ओक, आपटे, ताम्हणकर, साने गुरुजी, भागवत अशी नामावळी पुढे सरकते. प्रत्येक नावाखाली पुस्तके येतात आणि त्यांच्या आशयसूत्रांची चर्चा होते. या इतिहासात एक व्यक्ती मात्र कोठेही दिसत नाही. ती म्हणजे पुस्तक निवडणारी व्यक्ती. प्रौढ वाङ्मयाच्या व्यवहारात पुस्तक विकत घेणारा आणि ते वाचणारा बहुधा एकच असतो. निदान त्या दोघांची अभिरुची परस्परांना परकी नसते. बालवाङ्मयात वाचणारा एक आणि घेणारा दुसरा, हीच मूळ स्थिती आहे. पालक, शिक्षक, मुख्याध्यापक, शिक्षणखाते आणि पुरवठादार हे या वाङ्मयाचे पहिले वाचक असून मूल हे त्याचे शेवटचे वाचक आहे. ही गोष्ट आनुषंगिक मानून समीक्षेने बाजूला ठेवली. वस्तुतः मराठी बालवाङ्मयाच्या घडणीचे बरेचसे रहस्य तिच्यातच आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरांच्या संदर्भात नीट दिसत नाही. मुंबई-पुण्यात शाळेच्या कपाटाला पर्याय असतात. पुस्तकांची दुकाने आहेत, वाचनालयांचे बालविभाग आहेत, घरातला संग्रह आहे. पेण किंवा रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी, आणि त्याहून अधिक त्यांच्या आसपासच्या वाड्यांवर, शाळेचे कपाट हेच अनेक मुलांच्या दृष्टीने संपूर्ण मराठी साहित्य असते. त्या कपाटात जे नाही ते त्या मुलापुरते लिहिलेच गेलेले नाही. म्हणून निवडीचा इतिहास अशा ठिकाणी उभे राहून पाहणे श्रेयस्कर ठरते.

या इतिहासाचा आरंभ सरकारी आहे. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी'चे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके सिद्ध केली. पहिले पुस्तक फ्रेंच लेखक बेर्कँ याच्या इंग्रजीत आलेल्या कथांवरून केलेले होते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब भाषांतराची नाही. लेखक आणि निवडणारा हे दोघेही एकाच कचेरीत, बहुतांशी एकाच देहात बसलेले होते, ही ती बाब होय. मराठी मुलाचे पुस्तक जन्माला आले तेच शाळेसाठी मंजूर होऊन आले. बाजारात जाऊन वाचक मिळवण्याचा धोका त्याने पत्करला नाही. कथेच्या शेवटी तात्पर्य येण्याची जी रीत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, तिचे स्पष्टीकरण केवळ इसापाच्या प्रभावाने होत नाही. तात्पर्य हे मुलासाठी नव्हतेच. पुस्तक मंजूर करणाऱ्यास त्याचा उपयोग एका दृष्टिक्षेपात कळावा, अशी ती सोय होती.

१८६३ नंतर मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला आणि त्याचा एक हिस्सा खेड्यांतील शाळांकडे जाऊ लागला. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा पेण आणि रोहा ही त्यातील महत्त्वाची बाजारपेठेची गावे होती. मिठागरे आणि भाताचा व्यापार, धरमतरच्या खाडीतून आणि कुंडलिकेच्या मुखातून मुंबईशी चालणारी जलवाहतूक यांमुळे मुंबईचा छापील कागद येथे तुलनेने लवकर पोचू शकत होता. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ एकहाती चालवले. वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले. या दोन मासिकांनी प्रथमच शाळाखात्याच्या मंजुरीवाचून मुलाच्या हाती काही पडू शकते अशी वाट काढली. टपालाने येणारा अंक मुलाच्या नावावर येई. अर्थात वर्गणी भरणारे घर पांढरपेशा वर्गाचेच असे. मिठागरावर राबणाऱ्या आगऱ्याच्या किंवा काताच्या भट्टीवरील कातकऱ्याच्या घरी 'बालबोध' जाण्याचा प्रश्न नव्हता. ओकांनी केलेली निवड उदार होती, पण तिचा भूगोल अरुंद होता.

याच मुलखातून एका वर्षाच्या अंतराने दोन मुले निघाली. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मले. चिंतामणराव देशमुख १८९६ साली महाडजवळच्या नाते येथे जन्मले आणि त्यांचे बालपण रोह्यास गेले. दोघांचाही पुढे पुस्तकांच्या निवडीशी संबंध आला, आणि तो अगदी भिन्न रीतीने आला.

विनोबांच्या आठवणींतील एक प्रसंग ग्रंथनिवडीच्या कोणत्याही पाठ्यग्रंथापेक्षा अधिक बोलका आहे. कुटुंब बडोद्यास होते. आई रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनांना जाऊ लागल्या. संस्कृत कळेना म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. मुलाने गद्य भाषांतर आणून दिले. आईला पद्य हवे होते. मग त्याने वामन पंडितांची 'समश्लोकी' आणली. काही दिवसांनी आईने सांगितले की हेही अवघड जाते. याहून सोपे पुस्तक नाही, असे मुलाने म्हटल्यावर, मग तूच का करीत नाहीस, असा तिचा प्रश्न आला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीताई'चे बीज या प्रश्नात आहे. हा प्रसंग मातृभक्तीचा म्हणून सांगण्याची प्रथा आहे. ती दृष्टी क्षणभर बाजूस सारली तर येथे एक अल्पशिक्षित वाचक स्त्री दिसते. ती मान्यवर पुस्तक दोनदा नाकारते, नाकारण्याचे कारण दोन्ही वेळा अचूक सांगते, आणि पुस्तक आणणारा ते कारण ऐकून घेतो. कवीच्या थोरवीचा दाखला देऊन तिला गप्प केले जात नाही. शाळेच्या ग्रंथालयात मुलाला हा अधिकार कधी मिळाला, याचा शोध घेतला तर उत्तर फार उत्साहवर्धक येत नाही.

साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. कोकणातल्या एका गरीब ब्राह्मण घराचे ते चित्र होते. त्यातली नदी, पाऊस, माड आणि दारिद्र्य पेण-रोह्याच्या मुलाला ओळखीचे वाटणे स्वाभाविक होते. १९५१ मध्ये सुरू झालेल्या साने गुरुजी कथामालेने तर पुस्तकाच्या आधी गोष्ट ठेवली. सांगणारा समोर असल्यामुळे ऐकणाऱ्याचा कंटाळा लपत नसे, आणि निवड आपोआप दुरुस्त होत असे. कथामालेच्या कार्यात जे भाबडेपण होते त्यावर पुष्कळ टीका झाली. ती अनाठायी नाही. परंतु श्रोत्याच्या चेहऱ्यावरून पुढची गोष्ट ठरवण्याची ही पद्धत शाळेतल्या कपाटाने उचलली नाही, हे नुकसान त्या भाबडेपणाहून मोठे आहे.

त्याच सुमारास माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) देशातील शालेय ग्रंथालयांचे जे वर्णन केले ते आजही वाचण्याजोगे आहे. बहुसंख्य शाळांत ग्रंथालय म्हणावे असे काही नाही. पुस्तके जुनी आहेत, विद्यार्थ्यांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली आहेत, आणि ती सांभाळणारा एखादा कारकून किंवा अनुत्सुक शिक्षक असतो, असे मुदलियार आयोगाने स्पष्ट शब्दांत नोंदवले. पुढे जाऊन त्याने एक धाडसी तत्त्वही मांडले. निवडीचा निकष शिक्षकाची समजूत हा नसून मुलाची स्वाभाविक ओढ हा असावा. एखाद्या वयात मुलाला साहसकथा, प्रवास, फार काय गुन्हेशोधाच्या कथा हव्याशा वाटल्या, तर त्याच्यावर काव्य वा अभिजात ग्रंथ लादण्यास समर्थन नाही.

हे तत्त्व मराठी शाळेत अमलात आले असते तर सर्वप्रथम बाबुराव अर्नाळकर कपाटात आले असते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे 'झुंजार' आणि 'काळा पहाड' किमान दोन पिढ्यांच्या कुमारांनी वाचले. ते उशीखाली, पाठ्यपुस्तकाच्या आत, परसदारी वाचले गेले. अर्नाळकरांच्या वाचकाची नोंद कोणत्याही दाखल नोंदवहीत सापडणार नाही. मद्रासहून १९५२ पासून येणाऱ्या 'चांदोबा'चीही गत फारशी निराळी नव्हती. शाळेतील मास्तरांना त्यातील राक्षस आणि वेताळ नापसंत, मुलांना तेच पसंत. हा भेद केवळ मराठी नव्हे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाची दीर्घकाळ प्रमुख असलेल्या ॲन कॅरोल मूर यांच्या अभिरुचीला 'गुडनाइट मून' हे १९४७ चे पुस्तक रुचले नाही. ते त्या ग्रंथालयाच्या कपाटात १९७२ मध्ये आले. तोवर ते घरोघरी पोचलेले होते. भेद इतकाच की तिकडे निवडणारीचे नाव ठाऊक आहे, तिच्या आवडीनिवडीवर वाद घालता येतो. इकडे निवडणारा निनावी राहिला. त्याच्याशी वाद घालण्याची सोयच उरली नाही.

भा. रा. भागवतांनी या कोंडीतून एक वाट काढली. ज्यूल व्हर्नची रूपांतरे आणि 'फास्टर फेणे' या मालिकेतून त्यांनी साहसाला प्रतिष्ठित प्रकाशनाचे कपडे चढवले, आणि शिक्षकाला आक्षेप घेता येणार नाही अशी निर्मळ भाषा वापरली. फेणे फुरसुंगीचा, शिकतो पुण्याच्या विद्याभवनात. तो कपाटात येऊ शकला, कारण निवडणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या अपेक्षा या एका बिंदूवर जुळल्या. असे जुळणे मराठीत दुर्मिळच राहिले.

चिंतामणराव देशमुखांचा संबंध येतो तो येथे. १९५७ साली राष्ट्रीय पुस्तक न्यासाची स्थापना झाली आणि त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत देशमुखांनी त्याचे अध्यक्षपद सांभाळले. मेघदूताचे मराठी भाषांतर करणारा हा अर्थतज्ज्ञ स्वस्त आणि चांगले पुस्तक ही राज्याची जबाबदारी मानणाऱ्या पिढीचा होता. पुढे १९७० च्या सुमारास न्यासाची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला निघाली. एकच चित्रे अनेक भाषांत छापून किंमत खाली आणण्याची युक्ती तीत होती. महाराष्ट्रात १९६७ मध्ये 'बालभारती' स्थापन झाली आणि १९७१ च्या दिवाळीत तिचे 'किशोर' मासिक सुरू झाले. 'किशोर'ने मोठ्या कवी-लेखकांना आणि चित्रकारांना मुलांसाठी कामास लावले. सरकारी संस्थेतून निघालेले हे मासिक अनेक खाजगी प्रकाशनांहून कमी बोधप्रद होते, हे विसंगत वाटले तरी खरे आहे. त्यामुळे शासनाने निवडले की वाङ्मय निर्जीव होते, असा सरसकट सिद्धान्त मांडता येत नाही. संपादक नावाची, अभिरुची असलेली व्यक्ती मध्ये उभी असेल तर शासनही चांगले निवडू शकते.

जेथे अशी व्यक्ती नसते तेथे यादी असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा मोहीम' आली आणि तिच्यातून प्राथमिक शाळांना जी साधने मिळाली त्यांत पुस्तकेही होती. ज्या शाळेत एकही गोष्टीचे पुस्तक नव्हते तेथे ती आली, हे थोडके नव्हे. पण ती कोठेतरी दूर निवडली गेली होती, आणि गणिताच्या साहित्याप्रमाणे ती साहित्याच्या पेटीचाच भाग होती. पेटीतील वस्तू हरवली तर शिक्षक जबाबदार. परिणामी अनेक ठिकाणी पुस्तके शाबूत राहिली, म्हणजे वाचली गेली नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे अशी तरतूद केली. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांचे वार्षिक ग्रंथालय अनुदान आले. तरतूद झाली की निवड झाली असे मात्र होत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी निवड प्रत्यक्षात कशी होते, हे पाहिले पाहिजे. पूर्णवेळ ग्रंथपाल मोठ्या शाळेतच असतो. इतरत्र अर्धवेळ ग्रंथपाल, किंवा तेही नसल्यास एखादा शिक्षक हे काम जादा म्हणून पाहतो. अनुदान वर्षअखेरीस हाती येते आणि मार्चपूर्वी खर्ची पडावे लागते. दरपत्रके मागवावी लागतात. पुरवठादार गठ्ठा घेऊन येतो. त्यात चोवीस किंवा बत्तीस पानांची थोरांची चरित्रे, संस्कारकथा, सामान्यज्ञान, निबंध आणि प्रसंगोचित भाषणे असतात. सूट भरपूर, संख्या भरपूर. दोनशे पुस्तके घेतली असे अहवालात लिहिता येते. त्याच पैशांत चांगल्या चित्रांची, नीट बांधणीची पस्तीस पुस्तके आली असती, पण पस्तीस हा आकडा तपासणीत कमी दिसतो. येथे कोणाचा अप्रामाणिकपणा गृहीत धरण्याचे कारण नाही. व्यवस्थेने संख्येला निकष मानले आणि माणसे त्या निकषाला उतरली, एवढेच.

कोकणात याला आणखी एक निवडकर्ता येऊन मिळतो, तो म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर दमट हवेत स्वस्त कागदाला बुरशी धरते, डिंकाच्या बांधणीची पाने सुटतात, कसर आणि वाळवी आपले काम करतात. जुलै १९८९ मध्ये अंबा आणि कुंडलिकेच्या खोऱ्यांत आलेल्या महापुरासारखे प्रसंग वेगळेच. शिवणीच्या बांधणीचे पुस्तक अशा हवेत तग धरते, चिकटवलेले धरत नाही. म्हणजे स्वस्त गठ्ठा तिसऱ्या पावसाळ्यापर्यंतही बहुधा पोचत नाही. ग्रंथनिवडीची सूत्रे लिहिणाऱ्या पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी बांधणीचा दोरा हा वाङ्मयीन प्रश्न मानलेला नाही. पेणच्या शाळेत तो तसा असतो.

मुलांकडे वळले म्हणजे प्रश्न अधिक अवघड होतो. पेणच्या खाडीकाठच्या गावांतील मूल आगरी बोली बोलत शाळेत येते. डोंगराकडच्या वाडीतले मूल कातकरी बोलते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आलेल्यांची मुले देशावरची किंवा परप्रांतीय भाषा घेऊन येतात. कपाटातील पुस्तकांची भाषा मात्र एकच, आणि ती यांपैकी कोणाचीच नव्हे. कातकरी मुलाला कपाटातल्या गोष्टींत आपला समाज दीर्घकाळ दोनच रूपांत दिसला. तो वाटेत भेटणारा रानटी माणूस तरी असे, नाहीतर शहरी मुलाने ज्याला कळवळून मदत करावी असा गरीब तरी. दोन्ही रूपांत तो गोष्टीचा विषय आहे, वाचक नाही. संस्कारकथेतला 'आपण' हा सर्वनामाचा प्रयोग ज्यांना सामावून घेत नाही, त्या मुलाला पुस्तक बंद करण्यासाठी कारण शोधावे लागत नाही.

कुमारवयाची अडचण निराळी आहे. आठवी ते दहावीच्या मुलासाठी मराठी कपाटात जवळपास काहीच नसते. बारा वर्षांपर्यंत संस्कारकथा, आणि तेथून एकदम 'स्वामी', 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी'. मधला जिना नाही. या वयाचे शरीर, राग, जात, पैसा, घरातली भांडणे, प्रेमाची पहिली चाहूल यांविषयी लिहिणारे पुस्तक आलेच, तर ते योग्य नाही म्हणून मागे ठेवले जाते. विशेष हे की कुमारांनी स्वतः जे आपलेसे केले ते बहुधा बालवाङ्मयाच्या फडताळाबाहेरून आले. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे त्याचे ठळक उदाहरण होय. ग्रंथपालनाचे शिक्षण घेतलेल्या लेखिकेच्या या पुस्तकाला मुलांमध्ये जो वाचक मिळाला तो शिफारशीने कमी आणि कानोकानी जास्त मिळाला. गुलामगिरीत जन्मलेल्या मुलाची ती कथा वाचताना वाडीवरच्या मुलाला अमेरिका दूर वाटत नाही, फुरसुंगी कदाचित वाटते.

गेल्या पंचवीस वर्षांत पुस्तकांची बाजू पालटली आहे, हे मान्य केले पाहिजे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' यांसारखी पुस्तके, त्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे', बोध न करणारी आणि चित्रांना मजकुराइतकेच मोल देणारी इतर प्रकाशने यांमुळे निवडण्याजोगे काही निर्माण झाले. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून सुरू झाला, आणि ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'सारखी ग्रामीण अनुभवाची पुस्तके त्यातून पुढे आली. उणीव आता पुस्तकांची कमी आणि परीक्षणाची जास्त आहे. मराठीतील वाङ्मयीन नियतकालिकांनी मुलांच्या नव्या पुस्तकाला एक पान देण्याचे क्वचितच मनावर घेतले. कवितासंग्रहाच्या तिनशे प्रती निघाल्या तरी त्यावर चार लेख येतात. हजारो मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकावर एकही येत नाही. मग रोह्याच्या शाळेतील प्रभारी शिक्षकाने पुरवठादाराच्या यादीवर विश्वास ठेवला, तर दोष त्याला कोणत्या तोंडाने द्यावा? त्याला दुसरी यादी कोणी दिली आहे? समीक्षेने जी जागा रिकामी सोडली तीच यादीने व्यापली आहे, आणि सवलतीचा दर हा तिचा एकमेव समीक्षाविचार आहे.

यावर वाचकांची, म्हणजे मुलांची समिती नेमावी असा उपाय सुचवला जातो. तो चुकीचा नाही, पण वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसत नाही. पेण-रोह्याच्या वाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात. अनुदान येऊन पुस्तकांची निवड होते ती नेमकी याच महिन्यांत. मार्चमध्ये गठ्ठा सुटतो, शिक्के पडतात, दाखल नोंदवहीत क्रमांक चढतात. वर्गात तेव्हा निम्मी बाके रिकामी असतात. ती मुले जूनमध्ये परत येतात, तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि पुस्तकांना दमट लागू नये म्हणून कपाट बंद ठेवलेले असते.